चार रुपये पगाराचा गोलंदाज : बाळू पालवणकर

दिनांक २४ फेब्रुवारी २०१० रोजी आपल्या ग्वाल्हेरच्या कॅप्टन रूपसिंह क्रीडांगणावर सचिन तेंडुलकर यांनी दक्षिण आफ्रिकेच्या संघाविरुद्ध १४७ चेंडूंत नाबाद २०० धावा काढल्या. पुरुषांच्या एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामन्यांतील ते पहिले द्विशतक होय. आपल्या गावाला त्याचा अभिमान वाटावा हे योग्यच आहे. परंतु त्या दिवशी ते चेंडू टाकले कोणी, असे विचारले तर शंभरांत पाच जणांनाही सांगता येईल की नाही, याची आम्हांस शंका वाटते. क्रिकेटच्या खेळात फलंदाज हा राजा आणि गोलंदाज हा बहुधा त्याचा मजूर, अशी समजूत फार जुनी आहे. तिच्यामागे एक इतिहासही आहे. त्या इतिहासातील एका थोर गोलंदाजाचा परिचय आमच्या वाचकांस करून द्यावा, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

अमेरिकेतील बेसबॉल या खेळात स्थिती उलट आहे. तेथे चेंडू फेकणारा खेळाडू, ज्याला तिकडे ‘पिचर’ म्हणतात, हाच खेळाचा केंद्रबिंदू समजला जातो. तो मैदानाच्या मध्यभागी मातीच्या लहानशा उंचवट्यावर उभा राहतो आणि साठ फूट सहा इंचांवर उभ्या असलेल्या फलंदाजाकडे चेंडू फेकतो. हे अंतर १८९३ साली ठरले व आजही तेच आहे. आपल्या क्रिकेटमध्ये दोन यष्टींमधील अंतर बावीस यार्ड, म्हणजे सहासष्ट फूट असते. क्रिकेटमध्ये गोलंदाजाला हात कोपरातून झटकता येत नाही, आणि त्याचा चेंडू बहुधा जमिनीवर टप्पा घेऊन फलंदाजाकडे जातो. बेसबॉलमध्ये चेंडू हवेतूनच थेट फलंदाजाकडे जातो व हात कसाही झटकला तरी चालतो. या फेकीने खांदा व कोपर यांवर एवढा ताण पडतो की, डावाची सुरुवात करणाऱ्या पिचरला एका सामन्यानंतर काही दिवस विश्रांती द्यावीच लागते. सामना जिंकला किंवा हरला म्हणजे तो विजय वा पराजय एका पिचरच्या नावावर लिहिला जातो. धंदेवाईक पिचरचे सारे आयुष्य त्याच्या एका हातावर अवलंबून असते. हात चालतो तोवर मान आणि धन. हात दुखावला की सारे संपले.

आपल्याकडे असा, चेंडू टाकण्याच्या कौशल्यावर पोट भरणारा आणि त्याच कौशल्याने इतिहासात नाव कोरणारा पहिला मोठा पुरुष कोण, असे विचारले तर आम्ही बाळू पालवणकर यांचे नाव घेऊ. त्यांचा जन्म १८७५-७६ च्या सुमारास धारवाड येथे झाला. वडील लष्करात नोकरीस होते. घराणे मूळचे कोकणातील पालवणचे. आमच्या कोकणपट्टीत गावाच्या नावापुढे ‘कर’ लावला की आडनाव सिद्ध होते, तसेच हे. जन्म चर्मकार समाजात झालेला. त्या काळी हा समाज अस्पृश्य गणला जात असे. आजच्या विद्यार्थ्यांना हा शब्द इतिहासाच्या पुस्तकात भेटतो. बाळूंना तो विहिरीपाशी, देवळापाशी आणि, पुढे आपण पाहू त्याप्रमाणे, चहाच्या पेल्यापाशीही भेटत होता.

वडिलांच्या नोकरीमुळे कुटुंब पुण्यास आले. पुणे हे लष्करी ठाणे. तेथे गोरे अधिकारी सायंकाळी क्रिकेट खेळत. त्यांनी टाकून दिलेल्या सामानावर बाळू व त्यांचे धाकटे बंधू शिवराम खेळ शिकले. पुढे बाळूंना पुण्यातील पारशी मंडळींच्या एका क्लबात काम मिळाले. खेळपट्टी झाडणे, तिच्यावर रूळ फिरविणे, आणि सभासदांना सराव करावयाचा असेल तेव्हा अधूनमधून चेंडू टाकणे, हे ते काम. पगार दरमहा तीन रुपये. सन १८९२ च्या सुमारास ते युरोपीय लोकांच्या पूना क्लबात गेले. तेथे दरमहा चार रुपये मिळू लागले. काम तेच होते: खेळपट्टी तयार करणे, सरावासाठी जाळ्या उभारणे, टेनिसच्या मैदानावर चुन्याच्या रेषा मारणे, आणि साहेब लोक आले की चेंडू टाकणे.

येथे एक गोष्ट समजून घेणे अवश्य आहे. विलायतेतही त्या काळी क्रिकेटमध्ये दोन वर्ग होते. हौसेखातर खेळणारे ‘जंटलमन’ आणि पैसे घेऊन खेळणारे ‘प्लेयर’. कित्येक मैदानांवर दोघांच्या खोल्या वेगळ्या, आणि मैदानात उतरण्याची फाटकेही वेगळी असत. हा भेद १९६२ पर्यंत टिकला. श्रीमंताने फलंदाजी करावी व गरिबाने घाम गाळून गोलंदाजी करावी, अशी त्या व्यवस्थेची सर्वसाधारण वहिवाट होती. हिंदुस्थानात तिच्यावर वर्णाचा व जातीचा आणखी एक थर चढला. बाळूंनी पूना क्लबात गोऱ्या अधिकाऱ्यांना कित्येक तास चेंडू टाकले. परंतु तेथे त्यांना बॅट हाती धरण्याची संधी कोणी दिली नाही, असे नमूद आहे. फलंदाजी हा साहेबांचा हक्क होता.

त्या क्लबात ग्रेग नावाचे एक लष्करी अधिकारी होते. ते उत्तम फलंदाज. बाळूंची गोलंदाजी खेळून काढता आली तर कोणाचीही खेळता येईल, हे त्यांनी हेरले होते. म्हणून ते इतरांच्या आधी येऊन बाळूंबरोबर सराव करीत. आपल्याला एकदा बाद केले की आठ आणे, असे बक्षीस त्यांनी लावले होते, अशी आख्यायिका आहे. आठ आणे म्हणजे बाळूंच्या महिन्याच्या पगाराचा आठवा भाग. गणित करून पाहावे: महिन्यातून आठ वेळा साहेबांना बाद केले की पगार दुप्पट! ही आख्यायिका खरी असो वा अतिशयोक्त असो, गोलंदाजीची विद्या अशाच सरावाने सिद्ध होते, यात संशय नाही.

आता ही विद्या होती तरी कोणती? बाळू डाव्या हाताने मंदगती फिरकी गोलंदाजी करीत. असा गोलंदाज बोटांनी चेंडूला पीळ देतो. उजव्या हाताने खेळणाऱ्या फलंदाजाच्या पायांच्या बाजूस टप्पा पडलेला चेंडू मग वळून त्याच्या बॅटच्या बाहेरच्या कडेकडे जातो. फलंदाज किंचित चुकला की चेंडू कडेला लागून यष्टिरक्षकाच्या किंवा शेजारच्या क्षेत्ररक्षकाच्या हाती विसावतो; अधिक चुकला तर उजवी यष्टी उडते. परंतु प्रत्येक चेंडू वळेल, अशी फलंदाजाची खात्री झाली तर तो सावध होतो. म्हणून कुशल गोलंदाज हाताच्या त्याच हालचालीने एखादा चेंडू सरळच आत सोडतो. एखादा उंच देतो, तो अपेक्षेआधीच खाली उतरतो. एखादा थोडा जलद टाकतो. फलंदाजाला गोलंदाजाचा हात दिसतो, पण मन दिसत नाही. या कलेत बळापेक्षा बुद्धी, आणि बुद्धीपेक्षाही धीर अधिक लागतो. षटकामागून षटक एकाच टप्प्यावर चेंडू टाकीत राहणे, फलंदाजाचा धीर सुटेपर्यंत आपला सुटू न देणे, हे तिचे मर्म.

हा धीर बाळूंना आयुष्यानेच शिकविला होता. शिवाय ज्या खेळपट्टीवर ते चेंडू टाकीत तीच पहाटे त्यांनी झाडलेली, त्यांनीच रूळ फिरवून सपाट केलेली असे. ओल कोठे राहिली आहे, माती कोठे भुसभुशीत आहे, हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणास ठाऊक असणार?

त्यांची कीर्ती पुण्यात पसरली, तेव्हा तेथील हिंदू खेळाडूंपुढे पेच पडला. युरोपीय संघाला हरवावयाचे तर बाळू हवेत. आणि बाळूंना घ्यावे तर जातीचे काय? अखेर जिंकण्याची इच्छा बलवत्तर ठरली व त्यांना संघात घेण्यात आले. परंतु तडजोड अशी की, मैदानावर सर्वांनी एकच चेंडू हाताळावा. मात्र मध्यंतरात इतर खेळाडू मंडपात चहा घेत असता बाळूंनी बाहेर उभे राहून, वापरून फेकून देण्याच्या मातीच्या भांड्यातून चहा प्यावा. त्यांच्या जेवणाचे ताटही निराळे असे. विचार करण्याजोगी गोष्ट आहे. बाळूंच्या बोटांनी पीळ दिलेला चेंडू झेलताना कोणाला विटाळ होत नव्हता. त्याच बोटांचा स्पर्श पेल्याला मात्र चालत नव्हता! साताऱ्याच्या युरोपीय मंडळींविरुद्ध बाळूंच्या गोलंदाजीने पुण्याच्या हिंदूंना विजय मिळवून दिल्यावर त्यांचा सार्वजनिक गौरव झाला. ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर खाण्यापिण्यास हरकत का घ्यावी, असे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी त्या वेळी खेळाडूंना सुनावल्याचे सांगतात.

पुण्यात प्लेगची साथ आली त्या सुमारास बाळू मुंबईस गेले. तेथे त्यांना रेल्वेत नोकरी मिळाली, आणि थोड्याशा कुरबुरीनंतर हिंदू जिमखान्याच्या संघात स्थानही मिळाले. फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईस हिंदू विरुद्ध युरोपीय असा सामना झाला. हिंदूंनी दोन डावांत २४२ व १६० धावा केल्या; युरोपीय संघ १९१ व १०२ धावांत बाद झाला. हिंदूंनी १०९ धावांनी विजय मिळविला आणि त्यात बाळूंनी दोन्ही डाव मिळून आठ गडी बाद केले. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरविता येते, ही भावना त्या विजयाने सर्वत्र पसरली. ज्या हाताला मातीचे भांडे दिले गेले होते, त्याच हातावर आता साऱ्या हिंदू समाजाची प्रतिष्ठा उभी होती.

सन १९११ मध्ये पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंह यांच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला. परंतु बाळूंनी त्या दौऱ्यात एकूण ११४ गडी बाद केले. त्या वेळी त्यांचे वय पस्तिशीचे होते. केंब्रिज विद्यापीठाच्या संघाविरुद्ध त्यांनी एका डावात १०३ धावा देऊन ८ गडी बाद केले. लेस्टरशायर परगण्याविरुद्ध त्यांनी ११ गडी टिपले आणि तो सामना भारतीय संघाने जिंकला. सॉमरसेटविरुद्धचा विजय शिवरामपंतांच्या नाबाद ११३ धावांमुळे मिळाला. दोन्ही भावांनी विलायतेत नाव काढले. परत आल्यावर मुंबईत त्यांच्या समाजबांधवांनी बाळूंचा सत्कार केला.

बाळूंच्या नावावर पहिल्या दर्जाच्या ३३ सामन्यांत १७९ गडी आहेत. प्रत्येक गड्यामागे त्यांनी सरासरी पंधरा धावा दिल्या. हे आकडे उत्तमच आहेत. परंतु आमच्या वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नोंदवहीत ही कारकीर्द सुरू होते तेव्हा बाळू तिशीत आलेले होते. गोलंदाजाच्या उमेदीची कित्येक वर्षे पूना क्लबाच्या जाळीत, साहेबांच्या सरावासाठी खर्ची पडली. तेथे बाद केलेले गडी कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नाहीत.

कौशल्य सिद्ध झाले, विजय मिळाले, विलायतेत वाहवा झाली. तरी एक दार बंदच राहिले. हिंदू संघाचे नेतृत्व बाळूंना कधीच मिळाले नाही. अनुभवाने ते सर्वांत ज्येष्ठ होते, आणि चेंडूप्रमाणे खेळाचे डावपेचही जाणत होते. १९१३ मध्ये संघनायक म. द. पै यांनी स्वतःच्या गौरवप्रसंगी, हा मान वास्तविक बाळूंचा होता, असे जाहीरपणे म्हटले. खुर्चीवर बसलेल्या माणसाने, ही खुर्ची दुसऱ्याची आहे, असे सांगणे सोपे नसते. पै यांच्या या उमदेपणाची नोंद आम्ही येथे आदराने करतो.

सन १९२० मध्ये प्रकरण हातघाईवर आले. बाळूंना संघातून वगळण्यात आले आणि नेतृत्वाच्या बाबतीतही त्यांच्या भावांना डावलण्यात आले. तेव्हा शिवराम व विठ्ठल हे दोघे बंधू निषेध म्हणून संघाबाहेर पडले. खेळाडूला खेळ सोडणे म्हणजे गवयाने गळा बांधून घेण्यासारखे; पण त्यांनी ते केले. लोकमत त्यांच्या बाजूने उभे राहिले. अखेर दोघे भाऊ सन्मानाने परतले, बाळूंना उपनायक नेमण्यात आले, आणि सामना चालू असता पै यांनी काही वेळ मैदान सोडून नेतृत्व बाळूंकडे दिले. तीन वर्षांनी, १९२३ मध्ये, विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे नायक झाले व त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदूंनी चौरंगी स्पर्धा जिंकली. थोरल्या भावाने ज्या दारावर आयुष्यभर थाप मारली, त्यातून धाकटा भाऊ आत गेला. विठ्ठलरावांनी पुढे १९४८ मध्ये आपले क्रीडाजीवन मराठीत पुस्तकरूपाने लिहून ठेवले.

पुढील आयुष्यात बाळू राजकारणात उतरले. १९३२ च्या पुणे करारावर सह्या करणाऱ्यांत त्यांचे नाव आहे. १९३७ मध्ये मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत ते काँग्रेसच्या वतीने डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याविरुद्ध उभे राहिले व सुमारे दोन हजार मतांनी पराभूत झाले. दोघेही एकाच अन्यायाचे चटके सोसलेले. उपायांविषयी मात्र दोघांची मते भिन्न होती. ४ जुलै १९५५ रोजी मुंबई येथे बाळूंचे निधन झाले.

लेखाच्या आरंभी आम्ही अमेरिकेतील पिचरचा उल्लेख केला. तेथेही असेच एक चरित्र घडले. सॅचेल पेज हा कृष्णवर्णीय पिचर १९०६ मध्ये अलाबामा राज्यातील मोबील येथे जन्मला. १९२६ पासून तो धंदेवाईक खेळाडू होता आणि त्याच्या फेकीची ख्याती सर्वत्र झाली होती. परंतु गोऱ्यांच्या प्रमुख संघांत काळ्या खेळाडूंना प्रवेश नव्हता. १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन याने ती भिंत ओलांडली, आणि पुढल्या वर्षी, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, पेजला क्लीव्हलंडच्या संघाने घेतले. त्या वर्षी तो संघ राष्ट्रीय अजिंक्यपदाचा मानकरी ठरला. १९६५ मध्ये एकोणसाठ वर्षांचा पेज एका प्रमुख संघाकडून पुन्हा तीन डाव पिचर म्हणून खेळला! १९७१ मध्ये बेसबॉलच्या सन्मानमंदिरात त्याला स्थान देण्याचे ठरले, तेव्हा आधी कृष्णवर्णीय संघांच्या खेळाडूंसाठी निराळे दालन करण्याचा बेत जाहीर झाला होता. त्यावर टीका झाली आणि त्याला सर्वांच्या पंक्तीत बसविण्यात आले. पुण्यातील मातीचे भांडे आणि अमेरिकेतील ते निराळे दालन यांत आम्हांस फारसे अंतर दिसत नाही.

गुणवान मनुष्य आपल्या गुणांनीच वर येतो, असे आपण मुलांना सांगतो. बाळू पालवणकरांचे चरित्र या वचनाला एक पुरवणी जोडते. त्यांच्या गुणांनी त्यांना मैदानात नेले; पण मंडपातील चहापर्यंत आणि नायकपदाच्या उंबरठ्यापर्यंत नेण्यास गुण एकटे पुरे पडले नाहीत. तेथे रानड्यांसारख्याचा शब्द, पै यांच्यासारख्याचा उमदेपणा आणि दोन धाकट्या भावांचा स्वाभिमान यांची गरज लागली. ज्याच्या अंगी कौशल्य आहे त्याने बाळूंचा धीर शिकावा. आणि आपल्यापैकी जे मंडपात आधीच बसलेले आहेत, त्यांनी बाहेर कोणी उभे तर नाही ना, हे वळून पाहावे. आपल्या शाळेच्या मैदानावर खेळपट्टीवर पाणी मारणारा, जाळ्या बांधणारा आणि सरावासाठी तासन्‌तास चेंडू टाकणारा मुलगाही संघाचाच एक गडी आहे. सामना जिंकल्यावर जे छायाचित्र काढले जाते, त्यात त्याला जागा द्यावी.